पाणी कशात जास्त? तीन ते सात वर्षांच्या मुलांसोबत घरी करायचे प्रयोग

एका पोळीचे चार तुकडे करून दिले की लहान मुलाला पोळी जास्त मिळाल्यासारखी वाटते. भावाच्या उंच पेल्यात दूध जास्त दिसतं, म्हणून रडारड होते. हा हट्ट नाही. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुलं एका वेळी एकच गोष्ट धरून बसतात, उंची तर उंची, लांबी तर लांबी. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी ज्या प्रयोगांतून हे दाखवलं, ते स्वयंपाकघरात सहज करता येतात.

पाण्यासाठी काचेचे दोन सारखे पेले आणि तिसरा उंच, अरुंद पेला घ्या. स्टीलचे चालणार नाहीत, कारण पातळी बाहेरून दिसायला हवी. पाण्यात थोडं कोकम सरबत मिसळा. सारख्या पेल्यांत प्रत्येकी १०० मिली ओता आणि विचारा, "दोन्हीत सारखं आहे का?" मूल नाही म्हणालं, तर चमच्याने त्यालाच कमीजास्त करू द्या. "आता सारखं झालं" हे त्याच्या तोंडून येईपर्यंत थांबा. घाई इथेच होते, आणि मग पुढच्या उत्तराला काही अर्थ उरत नाही. आता त्याच्या देखत एका पेल्यातलं सगळं पाणी उंच पेल्यात ओता. थोडंही सांडलं तर पुन्हा सुरुवात करा. कारण सांडल्यावर "यात कमी आहे" असं मूल म्हणालं, तर ते खरंच असेल. विचारा, "आता दोन्हीत सारखं आहे, की एकात जास्त?" मग लगेच, "कशावरून?" खरी माहिती या दुसऱ्या उत्तरात असते.

चिंचोक्यांचा प्रयोग थोडा आधी जमतो, बहुधा पाच-सहाच्या सुमारास. सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडा, सारख्या आहेत हे मुलाकडून वदवून घ्या आणि मग एक ओळ पसरवा. दहापर्यंत बिनचूक मोजणारं मूलही लांब ओळीत जास्त चिंचोके आहेत असं सांगू शकतं. इथे एक मेख आहे. मोठं माणूस मुद्दाम ओळ हलवतं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतं, तेव्हा मुलाला वाटतं की उत्तर बदलायला हवं. सत्तरच्या दशकात मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी एका खोडकर टेडीकडून ओळ विस्कटवली, तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. तुम्हीही दोन्ही प्रकारे करून बघा, पण मध्ये एखादा दिवस जाऊ द्या.

तीन-चार वर्षांच्या मुलासाठी बिस्किटांचा रिकामा पुडा घ्या, त्यात बटणं भरून तोंड बंद करा. "आत काय असेल?" "बिस्किटं." उघडून दाखवा, परत बंद करा. मग विचारा, "आजीने आत बघितलेलं नाही. तिला काय वाटेल, आत काय आहे?" तीन वर्षांचं मूल बहुधा "बटणं" म्हणतं. आपल्याला कळलं ते आजीला ठाऊक नाही, हे त्याच्या अजून ध्यानात येत नाही. "उघडायच्या आधी तुला काय वाटलं होतं?" असं विचारलं तरी ते पुष्कळदा "बटणं" असंच सांगतं. कृपया याला खोटारडेपणा समजू नका. त्या वयात स्वतःची आधीची समजूतही अशीच हातून निसटते. चार-साडेचारच्या आसपास बहुतेक मुलांना दोन्ही प्रश्न जमतात.

प्रयोग दहा मिनिटांत आटपा. मूल जेवून-झोपून ताजं असावं, आणि ताई-दादा दुसऱ्या खोलीत असावेत, नाहीतर उत्तर तेच देतात. "नीट बघ बरं" म्हणू नका, चुकलं तर समजावत बसू नका. पाठ करून घेतलेलं "सारखं" दुसरं भांडं आलं की पुसलं जातं.

तारीख आणि "कशावरून?"चं उत्तर मुलाच्याच शब्दांत वहीत लिहा. तीन महिन्यांनी त्याच पेल्यांनी परत करा. "हा उंच आहे" याच्या जागी "तेच तर पाणी आहे", "परत ओतलं की सारखं होईल" किंवा "उंच आहे पण बारीक आहे" यांतलं एखादं वाक्य आलं, की समजा, मूल आता फक्त उंची धरून बसत नाही. तोवर दोन्ही भावंडांना दूध सारख्याच पेल्यात द्या.