गिव्हिंग सर्कल काढण्याआधी करायची तयारी

दहा-पंधरा जणांनी पैसे एकत्र करायचे आणि ते कोणत्या संस्थेला द्यायचे हे मिळून ठरवायचं. अमेरिकेतल्या ज्यू समाजात अशी गिव्हिंग सर्कल्स आता चांगली रुळली आहेत. न्यूयॉर्कमध्ये २००२ साली नातान फंड हा असाच एक गट उभा राहिला आणि २०१४मध्ये त्याच्याच पुढाकाराने अशा गटांना जोडणारं 'ॲम्प्लिफायर' सुरू झालं. तिकडे स्थायिक झालेल्या बेने इस्राएल, म्हणजे मूळच्या महाराष्ट्रातल्या ज्यू मंडळींपैकी किंवा त्यांच्या शेजारी-मित्रांपैकी कोणाच्या मनात असा गट काढायचं असेल, तर त्यांच्यासाठी हे टिपण.

पैशांचं आधी बोलून घ्या. भिशीत पैसे फिरून आपल्याकडे येतात, इथे येत नाहीत, हे प्रत्येकाला स्पष्ट सांगा. ज्यू परंपरेत उत्पन्नाचा दशांश देण्याची रीत आहे. तालमुद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात वरची मर्यादाही आहे, एक पंचमांशाची, कारण देणाऱ्यावरच हात पसरायची वेळ येऊ नये. त्यामुळे वर्गणी गटातल्या सर्वांत कमी कमावणाऱ्याला झेपेल इतकीच ठेवा. कोणी जास्त दिलं तरी मत प्रत्येकाला एकच.

मग निर्णय कसा घ्यायचा ते लिहून काढा, संस्थांकडून अर्ज मागवायच्या आधी. माझ्या मते सगळी तयारी याच एका कामावर उभी आहे, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं. तालमुद ज्यावर आधारलेला आहे त्या मिश्ना या नियमसंग्रहात गावाच्या दाननिधीचा नियम आहे: गोळा दोघांनी करावा, वाटप तिघांनी. तालमुद त्याचं कारण देतो की वाटप हे पैशाच्या दाव्यातल्या निवाड्यासारखं आहे आणि त्याला तीन न्यायाधीश लागतात. म्हणजे कोणाला किती, हा न्यायाचा प्रश्न आहे. मन द्रवलं म्हणून हात सैल सोडायचा नाही. तेव्हा बहुमत चालेल की एकमतच हवं, आणि एखाद्या संस्थेशी नातं असलेल्या सदस्याने मतदानातून बाजूला व्हायचं का, हे आधीच ठरवा. मदतीचा विषयही एकच निवडा. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या ज्यू धर्मपंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला स्वतःच्या पायावर उभं करणं ही सर्वांत वरची. रोजगार किंवा बिनव्याजी कर्ज हा विषय घेतलात तर मला फार आनंद होईल.

पैसे कोणा एकाच्या खात्यात ठेवू नका. करसवलत हवी असेल तर स्थानिक ज्यू फेडरेशनसारख्या (गावातल्या ज्यू समाजासाठी निधी गोळा करणाऱ्या) नोंदणीकृत संस्थेशी आधी बोला. बैठका शुक्रवारी संध्याकाळी (तेव्हा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस सुरू होतो) आणि सणांच्या दिवसांत नकोत. जेवण असेल तर कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांप्रमाणे.

अर्जाचा नमुना दोन पानांपेक्षा मोठा करू नका. लहान संस्थेत तो भरणारा माणूस एरवी त्याच वेळात कोणाला तरी मदत करत असतो. नकार मिळालेल्या संस्थांनाही पत्र जायला हवं, आणि ते कोण लिहिणार त्याचं नाव पहिल्याच बैठकीत ठरवून टाका.