आग्फा आयझोलेट घेताय? आधी भाता तपासा

१९५० च्या दशकातला, म्युनिकच्या कारखान्यातला हा घडीचा कॅमेरा आजही परवडतो आणि १२० नावाच्या रुंद रोल फिल्मवर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या बारा फ्रेम देतो. पण चकचकीत क्रोम बघून भुलू नका. आग्फाच्या भात्याचं, म्हणजे भिंग आणि कॅमेऱ्याच्या पेटीला जोडणाऱ्या घडीच्या नळीचं, कापड जुनं झालं की घड्यांच्या कोपऱ्यांवर चिरतं. खोली पूर्ण अंधारी करा, मागचं झाकण उघडून छोटा टॉर्च आत धरा, भाता सगळ्या बाजूंनी न्याहाळा. सुईच्या टोकाएवढे ठिपके चमकले, तर प्रत्येक फ्रेमवर धुरकट डाग येणार. एखाददुसरं भोक लिक्विड इलेक्ट्रिकल टेपच्या (लावल्यावर रबरासारखा सुकणाऱ्या द्रवाच्या) पातळ थराने बुजतं. ओळीने ठिपके दिसले, तर भाता बदलायचा खर्च धरूनच भाव करा.

मग फोकसची रिंग फिरवून पाहा. तिथलं हिरवट ग्रीस हमखास सुकून दगड होतं. पकडीने जोर लावाल, तर पुढच्या भिंगासोबत मागचंही फिरतं आणि फोकसचं गणितच बिघडतं. ते काम सरळ कारागिराकडे द्या.

आणखी एक: आधी भाता सावकाश उघडायचा, मगच फिल्म पुढे सरकवायची. झटक्यात उघडलात, तर आत ओढल्या जाणाऱ्या हवेने फिल्म फुगते.