शोधनिबंध पाठवताय? या चुका टाळा

थिसिस जमा करायला दोन-तीन महिने उरले की विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅपवर एक मेसेज हमखास येतो. सात दिवसांत पेपर प्रकाशित, आयएसएसएन क्रमांक, इम्पॅक्ट फॅक्टर, प्रमाणपत्र, आणि सगळे मिळून एवढे एवढे पैसे. ‘मॅडम, इथे टाकू का?’ असे विचारत मुलेमुली हा मेसेज मला दाखवायला येतात. त्यांच्यापैकी कुणालाही कुणाला फसवायचे नसते. मुदत डोक्यावर असते, घरून ‘कधी संपणार?’ अशी विचारणा चालू असते, आणि पेपर पाठवल्यावर पुढे त्याचे नेमके काय होते हे त्यांना कुणी बसून सांगितलेलेच नसते. म्हणून हा लेख.

रिव्ह्यू झाला म्हणजे निष्कर्ष खरा ठरला, असे समजणे

सगळ्या चुकांचे मूळ या समजात आहे. पेपर आला की संपादक तो त्याच विषयातल्या एखाद्या जाणकाराला तपासायला देतात; तो रिव्ह्यूअर, आणि त्याची तपासणी म्हणजे रिव्ह्यू. हा रिव्ह्यूअर तुमच्या प्रयोगशाळेत येत नाही, तुमची वही उघडत नाही. त्याच्यासमोर असते ती फक्त एक फाइल, आणि तीही तो बहुधा विनामोबदला, स्वतःचे तास आणि पेपर तपासणी उरकून रात्री वाचत असतो. प्रश्नाला पद्धत साजेशी आहे का, तुलनेसाठी कंट्रोल घेतला आहे का, संख्याशास्त्र बरोबर लावले आहे का, आधीचे काम वाचले आहे का, एवढे तो पाहू शकतो. आकडेच बनवलेले असतील तर ते त्याला कळतीलच असे नाही.

२२ मे २०२० रोजी ‘द लॅन्सेट’मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या औषधाबद्दलचा एक पेपर आला. ६७१ रुग्णालयांतले ९६,०३२ कोविड रुग्ण, आणि या औषधाने मृत्यूचा धोका वाढतो, असा दावा होता. त्याच्या भरवशावर जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला या औषधाचा भाग थांबवला. मग बाहेरच्या संशोधकांनी आकडे पडताळले. ऑस्ट्रेलियातले मृत्यू अधिकृत आकड्यापेक्षा जास्त दाखवले होते. डेटा सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीकडून आला होता आणि तिने तो त्रयस्थ तपासणीला पूर्ण द्यायला नकार दिला. ४ जूनला चारपैकी तीन लेखकांनी पेपर मागे घेतला. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या वैद्यकीय जर्नलांपैकी एकाचा रिव्ह्यू त्या पेपरने पार केला होता. तेव्हा ज्या पेपरवर तुमचे नाव जाते त्याचा मूळ डेटा तुम्ही स्वतः उघडून पाहिलेला असला पाहिजे. सहलेखकाने ‘माझ्याकडे आहे, काळजी करू नकोस’ म्हटले, तरीही.

जर्नल निवडताना शिक्का पाहणे, आतला मजकूर न पाहणे

इथे जरा थांबते, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान याच पायरीवर होते.

आयएसएसएन हा निव्वळ ओळख क्रमांक आहे. गाडीला नंबर प्लेट मिळाली म्हणून चालवणाऱ्याला गाडी चालवता येते असे ठरत नाही, तसेच हे. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलमधल्या पेपरांचे संदर्भ इतर पेपरांत सरासरी किती वेळा येतात तो आकडा; मूळ आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी काढते. त्याच्या पुढे-मागे ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’ अशी विशेषणे लावलेले जे आकडे वेबसाइटवर चमकत असतात, ते पैसे घेऊन दिलेले असतात किंवा चक्क मनाने रचलेले.

सरकारी यादीत नाव असणे हीदेखील खात्री नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांनी शिफारस करून घातलेली जी जर्नले होती, त्यातली १,००९ पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासली. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा की ८८ टक्क्यांहून अधिक जर्नले हलक्या दर्जाची असावीत. कुणाचा पत्ता चुकीचा, कुठे संपादकांची माहितीच नाही, कुठे खोटा इम्पॅक्ट फॅक्टर. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नले यादीतून काढली. नंतर यूजीसीची ‘केअर’ ही पारखलेल्या जर्नलांची नवी यादी आली, तिचा कक्ष याच विद्यापीठात होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने तीही बंद केल्याचे जाहीर केले आणि जर्नलची पारख संस्थांवर सोपवली. म्हणजे आता ‘यादीत होते ना’ हे उत्तर उरलेले नाही.

मग काय करायचे? त्या जर्नलमधले तुमच्या विषयाचे तीन पेपर डाउनलोड करा आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. तुम्हाला स्वतःला त्यात ढोबळ चुका दिसल्या तर तिथे रिव्ह्यू होत नाही, हे कळायला आणखी पुरावा लागत नाही. संपादक मंडळातली दोन नावे घ्या, त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर जा, आणि त्या व्यक्तीने आपल्या परिचयात या जर्नलचा उल्लेख केला आहे का ते बघा. अनेकांची नावे त्यांना न विचारता टाकलेली असतात. ‘स्कोपसमध्ये आहे’ असे कुणी म्हटले तर स्कोपस या आंतरराष्ट्रीय जर्नल-सूचीच्या स्वतःच्या यादीत शोधा, आणि त्याची नोंद घेणे मध्येच थांबवले आहे का तेही पाहा. जुन्या, प्रतिष्ठित जर्नलच्या नावाची हुबेहूब नकली वेबसाइट काढून पैसे घेणारेही आहेत. त्यामुळे मेलमधल्या लिंकवर क्लिक करू नका. जर्नलपर्यंत ग्रंथालयाच्या किंवा सूचीच्या वाटेने पोहोचा.

शुल्क घेणारे प्रत्येक जर्नल खोटे असते असे मात्र नाही. मुक्त प्रवेश देणारी, म्हणजे वाचकांना फुकट वाचू देणारी, अनेक चांगली जर्नले लेखकाकडून शुल्क घेतात. ते आधीच उघड लिहिलेले असते आणि पैशांचा व स्वीकृतीचा संबंध नसतो, एवढा फरक लक्षात ठेवा. उलट, मोठे प्रकाशन म्हणून निर्धास्त राहण्याचेही कारण नाही. वायली या प्रकाशकाने हिंदावी ही प्रकाशनसंस्था विकत घेतल्यावर तिथल्या विशेषांकांतला रिव्ह्यू बनावट पेपर विकणाऱ्या टोळ्यांच्या हातात गेल्याचे उघड झाले आणि २०२३ या एका वर्षात हिंदावीचे ८,००० हून अधिक पेपर मागे घेतले गेले. विशेषांकाचे निमंत्रण आले तर पाहुणा संपादक कोण आहे, त्याचा तुमच्या विषयाशी काय संबंध, हे आधी तपासा.

आणि ज्या घाईपोटी हे सगळे होते तिच्याबद्दल एक माहिती. थिसिसआधी पेपर प्रकाशित झालाच पाहिजे ही अट यूजीसीने २०२२ च्या पीएचडी नियमावलीत ठेवलेली नाही. काही विद्यापीठांनी ती स्वतःच्या नियमांत ठेवली आहे. तुमच्या विद्यापीठाचा आजचा नियम लेखी मागा, ऐकीव माहितीवर हजारो रुपये घालवू नका.

रिव्ह्यूअर सुचवताना ओळखीचे नाव देणे

बरीच जर्नले तुमच्याकडून रिव्ह्यूअरची नावे मागतात. तिथे मित्राचे, जुन्या गाईडचे, सहलेखकाचे नाव देऊ नका. दक्षिण कोरियातला ह्युंग-इन मून हा संशोधक याच्याही पुढे गेला. त्याने सुचवलेल्या नावांपुढचे ई-मेल पत्ते त्याच्या स्वतःच्या किंवा साथीदारांच्या हाती होते. संपादकाला संशय आला तो अभिप्राय फार लवकर येतात म्हणून, कित्येकदा २४ तासांच्या आत. २०१२ मध्ये हे बाहेर आले आणि त्याचे २८ पेपर मागे घेतले गेले. नाव सुचवाल तेव्हा संस्थेचा अधिकृत ई-मेल द्या, आणि काही नाते असेल तर ते संपादकाला सांगून टाका. सांगितलेल्या नात्यामुळे कुणाचे बिघडलेले मी पाहिलेले नाही.

प्लॅग रिपोर्टचा आकडा खाली आणण्याच्या मागे लागणे

यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यामुळे सगळ्यांचे लक्ष प्लॅग रिपोर्टच्या, म्हणजे साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, आकड्यावर. ‘मॅडम, अठरा आलेत, नऊवर आणायचेत.’ मग शब्द बदलणारे सॉफ्टवेअर वापरले जाते, आणि तिथे घात होतो. फ्रान्समधले संगणकशास्त्रज्ञ गियोम कबानाक आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा पिळवटलेल्या शब्दांचा माग काढला. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चे ‘काउंटरफीट कॉन्शसनेस’ (नकली जाणीव) झाले होते, ‘ब्रेस्ट कॅन्सर’चे ‘बूझम पेरिल’ (छातीचे संकट). असे शब्द शोधून काढणे आता सोपे झाले आहे. आज नऊ टक्क्यांवर सुटलेला पेपर पाच वर्षांनी, नोकरीत असताना, उघडा पडू शकतो.

साम्य कमी करायचा प्रामाणिक मार्ग एकच: मूळ मजकूर वाचा, बाजूला ठेवा, आणि काय समजले ते स्वतःच्या वाक्यांत लिहून संदर्भ द्या. पद्धतीच्या वर्णनात काही वाक्ये सारखी येणारच. त्यांची लाज बाळगू नका.

एक गोष्ट आपल्या भाषेत काम करणाऱ्यांसाठी. मराठी पुस्तकातला परिच्छेद इंग्रजीत नेला, किंवा इंग्रजीतला मराठीत आणला, तर सॉफ्टवेअरला तो सहसा सापडत नाही. तरी ती चोरीच आहे. इतिहास, मराठी, समाजशास्त्र या विषयांत मी हे वारंवार पाहिले आहे आणि दरवेळी वाईट वाटते, कारण ज्या लेखकाचे श्रम उचलले जातात तो बहुधा एखाद्या तालुक्याच्या गावी बसून आयुष्यभर कागद गोळा करणारा असतो. त्याला श्रेय मिळायची एकमेव जागा म्हणजे तुमची तळटीप.

वही अर्धवट, मूळ फाइल गायब

फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी ‘सायन्स’मधला स्वतःचाच एक पेपर मागे घेतला. प्रयोग पुन्हा करताना तसे निकाल येईनात, आणि प्रयोगशाळेच्या वहीत मुख्य प्रयोगांच्या त्या-त्या वेळच्या नोंदी आणि मूळ डेटाच सापडला नाही. पेपर पाठवताना आपण व्यग्र होतो आणि आपले काम नीट केले नाही, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. मला त्यांचा आदर वाटतो, आणि वहीचे महत्त्व पटवायला मी हेच उदाहरण देते. तारीख घाला, पान फाडू नका, चुकलेली नोंद एका रेघेने खोडा म्हणजे खालचे वाचता येईल. यंत्रातून आलेली पहिली फाइल कधीही बदलू नका; तिची प्रत काढा आणि प्रतीवर काम करा.

फोटोंचेही तेच. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ पेपर तपासले, तेव्हा ३.८ टक्क्यांत प्रतिमांची पुनरावृत्ती किंवा फेरफार दिसला. त्यातले निदान निम्मे जाणूनबुजून केलेले वाटत होते. पण बाकीच्यांत निव्वळ गोंधळही असणार, ‘फायनल’, ‘फायनल२’ अशा नावांच्या फाइलींमधून चुकीचा पट्टा (डीएनए किंवा प्रथिने दाखवणारी फोटोतली रेघ) उचलला जाणे. संपूर्ण प्रतिमा सारखीच उजळ करणे चालते, नको असलेला एक पट्टा पुसणे चालत नाही.

नावांची खिरापत

ज्याने काम केले नाही त्याचे नाव घालू नका, ज्याने केले त्याचे गाळू नका. विभागप्रमुख आहेत म्हणून नाव घालायची प्रथा मोडणे एकट्या विद्यार्थ्याला जड जाते हे मला मान्य आहे. ती जबाबदारी आम्हा गाईड मंडळींची आहे. विद्यार्थ्याने एवढे करावे: काम सुरू होतानाच कोण काय करणार हे एका मेलवर लिहून सगळ्यांना पाठवावे.

रिव्ह्यूअरवर चिडून उत्तर देणे

१९३६ मध्ये आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’ला एक पेपर पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत, असा त्याचा निष्कर्ष. संपादक जॉन टेट यांनी तो रिव्ह्यूअरला दाखवला आणि सविस्तर आक्षेप परत पाठवले. आइन्स्टाइन रागावले. छापण्यापूर्वी कुणाला दाखवायची परवानगी आम्ही दिली नव्हती, असे लिहून त्यांनी पेपर काढून घेतला. पण आक्षेप बरोबर होता. तोच पेपर पुढे दुसऱ्या जर्नलमध्ये आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. रिव्ह्यूअर हॉवर्ड रॉबर्टसन होते, हे कित्येक दशकांनी नक्की झाले. त्या लहरी २०१५ मध्ये प्रत्यक्ष टिपल्या गेल्या, आणि त्या टिपणारी भारतातली वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभी राहते आहे.

तेव्हा रिपोर्ट आला की दोन दिवस उत्तर लिहू नका. मग प्रत्येक मुद्दा क्रमाने घ्या: त्यांनी काय म्हटले, तुम्ही काय बदलले, कोणत्या पानावर. पटले नाही तर कारणासह तसे लिहा, त्यात उद्धटपणा नाही. रिव्ह्यूअरने स्वतःचेच पाच-सहा असंबद्ध पेपर उद्धृत करायला सांगितले असतील तर ते गुपचूप घालू नका, संपादकाला कळवा.

चूक झालीच असेल तर

खोट्या जर्नलला पेपर गेला असेल आणि अजून छापला नसेल, तर पैसे भरू नका, कॉपीराइटच्या कागदावर सही करू नका, आणि पेपर मागे घेत असल्याचा मेल करून त्याची प्रत जपून ठेवा. ‘मागे घेण्याचे शुल्क’ मागून ते धमकावतात. गाईडला मेलमध्ये घ्या. त्या जर्नलचे उत्तर येण्याआधी तोच पेपर दुसरीकडे पाठवायचा झाल्यास नव्या संपादकाला सगळी हकीकत पहिल्याच पत्रात सांगा. छापून झाला असेल तर मात्र तो जसाच्या तसा दुसरीकडे चालत नाही. त्या डेटावर पुढचे काम करा आणि आधीच्या पेपरचा उल्लेख करा.

चांगल्या जर्नलमध्ये छापलेल्या स्वतःच्या पेपरात चूक सापडली तर आधी सहलेखकांना सांगा, मग संपादकाला. निष्कर्ष टिकत असेल तर शुद्धिपत्र निघते, टिकत नसेल तर पेपर मागे घेतला जातो. मेल लांबलचक नको. कोणत्या तक्त्यात, कोणत्या ओळीत काय चुकले, ते कसे लक्षात आले, दुरुस्त आकडा कोणता आणि त्याने निष्कर्षावर काय परिणाम होतो, एवढ्या चार गोष्टी लिहा आणि मूळ फाइल सोबत जोडा.