स्टॅटिन पेशींवर चालत नाही? आधी या चुका टाळा

डिशमधल्या पेशींवर सिम्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन घातलं, दुसऱ्या दिवशी वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन किती आहे ते दाखवणारी चाचणी) केला आणि एचएमजी-सीओए रिडक्टेज या कोलेस्टेरॉल बनवण्यातल्या एन्झाइमचा बँड फिका पडायच्या ऐवजी चांगला ठसठशीत आला. इथे बरेच विद्यार्थी बाटली टाकून द्यायला निघतात. टाकू नका. तो ठळक बँड म्हणजे औषध लागू पडल्याची खूण! स्टॅटिन या एन्झाइमचं काम अडवतं, त्याला नष्ट करत नाही. कोलेस्टेरॉलची चणचण जाणवली की पेशीतलं एसआरईबीपी-२ हे जनुकं चालू करणारं प्रथिन जागं होतं आणि हेच एन्झाइम आणखी बनू लागतं.

काहीच बदललं नसेल, तर बाटलीकडे वळा. सिम्व्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन बंद वलयाच्या रूपात मिळतात, पण एन्झाइमला अडवतं ते उघडलेलं आम्लरूप. शरीरात हे वलय उघडतं. डिशमधल्या पेशींवर ते काम सोपवू नका. इथेनॉलमध्ये विरघळवून सोडियम हायड्रॉक्साइड घाला, ५० अंश सेल्सिअसला दोन तास ठेवा आणि पीएच ७.२ च्या आसपास आणा. ही शेवटची पायरी राहिली, तर अल्कलीनं मेलेल्या पेशींचं खापर स्टॅटिनवर फुटतं.

कोलेस्टेरॉल मोजायचं असेल तर साधं सीरम चालणार नाही. त्यातल्या एलडीएल या कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांमधून पेशी आपली गरज भागवतात. लिपोप्रोटीन, म्हणजे असे कण, काढलेलं सीरम घ्या.

मला सगळ्यात खटकते ती चूक वेगळीच. पेशी गोल होऊन सुटू लागल्या, की वहीत लगेच ‘कोलेस्टेरॉल घटल्याचा परिणाम’ अशी नोंद होते. पण हे एन्झाइम जे मेव्हॅलोनेट बनवतं, त्यापासून कोलेस्टेरॉलबरोबर जेरानिलजेरानिल हा चरबीसारखा गटही बनतो, आणि त्याच्याच आधारानं ऱ्हो प्रथिन पेशीपटलाला धरून असतं. तो आधार गेला की पेशीला आकार देणारे अॅक्टिनचे तंतू विस्कटतात. म्हणून स्टॅटिनच्या जोडीला एका डिशमध्ये मेव्हॅलोनेट, दुसरीत जेरानिलजेरानिल पायरोफॉस्फेट आणि तिसरीत स्क्वालीन (फक्त कोलेस्टेरॉलच्या वाटेवरचा टप्पा) द्या. पहिल्या दोन डिशमधल्या पेशी सावरल्या आणि तिसरीतल्या तशाच राहिल्या, तर कोलेस्टेरॉलला दोष देता येणार नाही. हा कंट्रोल नसेल तर निष्कर्ष लिहायची घाई करू नका, कळकळीनं सांगतो.

मेव्हॅलोनेट देऊनही पेशी सावरल्या नाहीत, तर मात्रा तपासा. गोळी घेणाऱ्या माणसाच्या रक्तात स्टॅटिन साधारण नॅनोमोलर पातळीवर असतं, आणि डिशमध्ये मात्र सर्रास १० मायक्रोमोलर ओतलं जातं. ०.१ मायक्रोमोलरपासून चढत जा.