प्लेटलेटवरील इंटेग्रिनसाठी प्रतिपिंड वापरताना या चुका टाळा

रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात त्या मुख्यतः अल्फा-२बी-बीटा-३ या इंटेग्रिनमुळे, म्हणजे पृष्ठभागावरील चिकटवणाऱ्या प्रथिनामुळे. शांत प्लेटलेटवर हे प्रथिन मिटलेले असते आणि उत्तेजना मिळाल्यावरच ते उलगडून फायब्रिनोजेन या रक्तातील प्रथिनाला धरते. प्रतिपिंडांच्या (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवून देणाऱ्या प्रथिनांच्या) वापरातील बऱ्याच चुकांच्या मुळाशी या दोन रूपांतील फरकाचा विसर असतो.

एडीपी हे उत्तेजक देऊनही संकेत (चिकटलेल्या प्रतिपिंडाचे मोजमाप) फारसा वाढत नसेल, तर आधी कोणते प्रतिपिंड वापरले ते पाहावे. सीडी ४१ किंवा सीडी ६१ (याच इंटेग्रिनचे दोन भाग) विरुद्धची नेहमीची प्रतिपिंडे दोन्ही रूपांना चिकटतात, त्यामुळे प्रथिन किती आहे एवढेच त्यांवरून कळते, ते कार्यरत झाले की नाही हे कळत नाही. उलगडलेले रूप ओळखण्यासाठी मानवी रक्तात पॅक-१ हे प्रतिपिंड वापरावे, आणि उंदराच्या रक्तात जॉन/ए.

पॅक-१ वापरूनही नळीत संकेत दिसलाच नाही, तर बहुधा रक्तच ईडीटीए या गोठणरोधकात घेतलेले असते. या प्रथिनाचे दोन्ही भाग कॅल्शियमच्या आधाराने एकत्र राहतात. ईडीटीए ते कॅल्शियम बांधून ठेवते आणि ३७ अंश सेल्सिअसला तर ती जोडीच सुटते, म्हणून ३.२ टक्के सोडियम सायट्रेटची नळी घ्यावी. तसेच पेशी फॉर्माल्डिहाइडने स्थिर करायच्या असतील, तर ते पॅक-१ लावून झाल्यावरच करावे.

उलट, उत्तेजक न घालताही संकेत चढलेला दिसला, तर दोष रक्त काढण्यात शोधावा. सुईने दुखावलेल्या ऊतीमुळे प्लेटलेट जाग्या होतात, म्हणून पहिले दोन-तीन मिलिलिटर रक्त बाजूला काढावे, नळी जोरात हलवू नये आणि बर्फावर तर मुळीच ठेवू नये. कधी कधी प्रतिपिंडच दोषी असते: मानवी प्लेटलेटवरील एफसी ग्राहीला (प्रतिपिंडाचे शेपूट पकडणाऱ्या प्रथिनाला) आयजीजी प्रकारच्या प्रतिपिंडाचे शेपूट चिकटले, की तपासणीच उत्तेजक ठरू शकते. अशा वेळी शेपूट काढलेले तुकडे वापरणे श्रेयस्कर.

नियंत्रण, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, निवडतानाही घाई होते. पॅक-१ हे आयजीएम या वेगळ्या प्रकारचे प्रतिपिंड असल्यामुळे त्याच्यासोबत आयजीजीचे नियंत्रण ठेवणे निरर्थक आहे. माझ्या मते त्याहून विश्वासार्ह म्हणजे आरजीडीएस पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) घातलेली नळी, कारण ते पेप्टाइड पॅक-१ ची नेमकी जागाच अडवते.

वेस्टर्न ब्लॉटसाठी (घडी मोडलेली प्रथिने वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या चाचणीसाठी) पॅक-१ घेऊ नये, कारण प्रथिनाची घडी मोडल्यावर त्याला ओळखण्याजोगे काही उरत नाही.