आजच्या रात्री घरी कोण आहे?

मानसोपचार विभागात नव्या ज्युनिअरला नाइट ड्यूटीत एकच धास्ती असते : ॲडमिट करायचं की घरी पाठवायचं? मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात तीन वर्षं काढल्यावर मला एवढं कळलं, की हा निर्णय आजाराच्या नावावर होत नाही. आजच्या रात्रीवर होतो.

सोळा वर्षांची मुलगी, फवारणीचं औषध प्यालेली. मेडिसिनवाल्यांनी वाचवली, चौथ्या दिवशी आमच्याकडे कॉल. वडील म्हणाले, "आता चांगली हाय, जाऊ द्या." मी तिला एकटीला घेऊन सरळ विचारलं, अजून मरावंसं वाटतं का? (विचारल्याने डोक्यात खूळ शिरत नाही, ही भीती पहिल्या आठवड्यातच टाकून द्या.) तिने होकाराची मान हलवली. आईला विचारलं, औषध कुठं ठेवता? "हिच्याच बाजंखाली." दसरा झाला की दोघं ऊसतोडीला जाणार, उचल घेऊन बसलेले, घरी फक्त आजी, तिला रात्री दिसत नाही. निर्णय तिथेच झाला.

अठराच्या आतलं लेकरू पालकांच्या अर्जावर दाखल होतं, पण २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दोघांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. मोठ्यांच्या वॉर्डात ठेवायचं नाही, सोबत कायम घरचं माणूस, मुलीजवळ बाई; आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला ७२ तासांत कळवायचं. आई थांबली. मुकादमाचे फोन येत राहिले, ते मेडिकल सोशल वर्करने घेतले.

मोठ्या माणसाचं वेगळं. पहिल्या वर्षी एका पंचविशीतल्या पोराला मी बापाच्या सहीवर दाखल केलं आणि राउंडला यथेच्छ बोलणी खाल्ली. सज्ञान माणसाला निर्णय घेता येत असेल तर त्याचाच शब्द चालतो. त्याला तो घेता येत नाही आणि जिवाला, दुसऱ्याला किंवा स्वतःची काळजी घेण्यालाच धोका आहे, तेव्हाच त्याच कायद्याचं कलम ८९, म्हणजे त्याच्या संमतीशिवाय दाखल, तेही ३० दिवसांपर्यंत. बाप थकला होता, हे खरं होतं; पण ते पोराचं लक्षण नव्हतं.

दोरीने बांधून, देवऋषी करून आणलेला माणूस आला तर आधी दोरी सोडवा, मग शुगर बघा. माझा असा एक पेशंट वेडा नव्हताच. तीन दिवसांपूर्वी दारू बंद केली होती, हात थरथरत होते, तारीख सांगता येत नव्हती. तो मेडिसिनचा पेशंट, आणि तातडीचा.

'केस होईल का' हे नातेवाईक विचारतातच. एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस) म्हणून नोंद होते, पण आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं त्याच कायद्याचं कलम ११५ धरून चालतं, हे त्यांना शांतपणे सांगा.

घरी पाठवत असाल तर फवारणीच्या औषधाच्या खोलीची किल्ली कोणाकडे, ते नावानिशी केसपेपरवर लिहा. मागे मोठ्या अक्षरात १४४१६, टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. आणि "आठ दिवसांनी या" म्हणण्याआधी मुक्कामी एसटी गावातून किती वाजता निघते ते विचारा. ती उशिरा पोचत असेल तर केसपेपरची खिडकी बंद झालेली असते.