नवख्यांना पहिल्यांदा कयाकमध्ये बसवताना

खान्देशातल्या धरणांच्या पाण्यात लाटांपेक्षा वारा आणि गाळ जास्त छळतात. म्हणून आधी वेळ ठरवा, मग जागा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सात ते साडेनऊ, हे सर्वांत सोयीचं. पावसाळ्यात कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची ही छोटी नाव, पाण्यात उतरवूच नका: हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत, आणि विसर्ग वाढला की भिंतीखालचं पात्र बघता बघता भरतं. इतर दिवसांतही भिंत, सांडवा आणि पाणी उचलणारी विहीर यांपासून लांबच राहायचं.

वाघूर धरण असो की गिरणा, जलसंपदा विभागाची परवानगी आधी घ्या आणि तिथल्या मासेमारांना भेटा. जाळी कुठे लावलीत, बुडालेल्या बाभळी आणि जुन्या विहिरी कुठे आहेत, मगर दिसते का, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. पाण्यावर रांगेत तरंगणाऱ्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे म्हणजे खाली जाळं. त्यात वल्हं अडकलं की नवखा ते ओढत बसतो आणि कलंडतो.

पाण्यात उतरायला मुरमाड काठ शोधा. पाणी ओसरलेल्या काळ्या गाळात गुडघाभर पाय रुततो, चप्पल तिथेच राहते. पाय रुतलाच तर सरळ वर उपसू नका. कयाकवर पोट टेकवून भार तिच्यावर टाका आणि पाय हलवत हलवत सोडवा. पायात मागून पट्टा असलेले सँडल हवेत. ओढणी, लोंबत्या नाड्या काठावरच राहू द्या.

नाव वरून उघडी, म्हणजे सिट-ऑन-टॉप घ्या. उलटली तरी माणूस आत अडकत नाही. लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्याला ५० न्यूटनचं (न्यूटनचा आकडा म्हणजे माणसाला तरंगतं ठेवण्याची ताकद) चालेल, न येणाऱ्याला १०० न्यूटनचंच द्या. सगळे पट्टे आवळले की खांद्याला धरून वर खेचून बघा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते ढिलं आहे. मापाचं नसेल तर तो माणूस त्या दिवशी काठावर बसेल. इथे भीड नको.

वल्हं डोक्यावर आडवं ठेवा, दोन्ही कोपरं काटकोनात आली की हाताची जागा बरोबर. पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे. पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात जातं, कमरेपाशी बाहेर येतं, आणि जोर दंडापेक्षा कमरेच्या वळणातून लागतो. नवखे मूठ घट्ट आवळतात, अर्ध्या तासात फोड येतात. गुडघे किंचित वाकलेले, टाचा टेकलेल्या. वळायचं तर उलट बाजूने रुंद अर्धवर्तुळ काढायचं.

फेरीआधी छातीभर पाण्यात प्रत्येकाला मुद्दाम पाडा. ही पायरी लोक टाळतात, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. बहुतेक जण पाय खाली सोडून हातांनी नाव ओढतात, मग ती अंगावर उलटते. आधी पाय मारून शरीर पाण्यावर आडवं करायचं. मग नावेच्या मधोमध पोटावर झेपावायचं, कूस बदलून ढुंगण सीटमध्ये टेकवायचं आणि पाय शेवटी आत. समोरच्या बाजूने जोडीदाराने नाव धरली तर आणखी सोपं. दोनदा जमल्याशिवाय खोल पाण्यात सोडू नका. डिसेंबरात यानंतर हुडहुडी भरते, म्हणून कोरडे कपडे आणि चहा काठावर तयार ठेवा.

सहा नवख्यांमागे दोन जाणकार, एक पुढे, एक शेपटाला. काठापासून शंभर मीटरच्या आत, पहिल्या दिवशी तासाभराच्या वर नाही. जाताना वाऱ्याच्या तोंडाला जा, म्हणजे दमल्यावर वारा परत आणतो. सर्वांत फसवा वारा काठाकडून पाण्याकडे वाहणारा. झाडांच्या आडोशाला तो जाणवतच नाही, पुढे गेल्यावर परत येऊ देत नाही. लाटांवर पांढरा फेस दिसला की बेत रद्द.

शिट्टी एकदा म्हणजे माझ्याकडे बघा, तीनदा म्हणजे मदत हवी. जाणकाराजवळ पंधरा-वीस मीटरचा तरंगता दोर हवा. प्रत्येकाला दीड लिटर पाणी. मार्चनंतर नेणारच असाल तर नऊच्या आत सगळे काठावर हवेत, आणि पाण्यासोबत ओआरएसही.